हा जिन्नस झोपणार कुठं?

बाईंच्या गळ्यात सोन्याचा दागिना मी कधी पाहिला नाही. गळ्यात असायची ती शिंप्याची टेप. पिवळी, एका टोकाला पितळेची पट्टी असलेली आणि वापरून वापरून दुसऱ्या टोकाचे पहिले दहा इंच तुटून गेलेली. त्यामुळे बाई कुठलीही गोष्ट दहापासून मोजायला घ्यायच्या आणि शेवटी दहा वजा करायच्या. नवी टेप का घेत नाही, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाल्या, "मग ही कुठं जाईल?"

औरंगपुऱ्यातल्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिवणकाम शिकवलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. निवृत्तीच्या समारंभात शाळेनं त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. बाईंनी नारळ पिशवीत टाकला आणि शाल तिथल्या तिथं मुख्याध्यापिकांच्या खांद्यावर घातली. "नारळ खाऊन संपेल," त्या माइकवरून म्हणाल्या, "पण हा जिन्नस झोपणार कुठं?" ही हकिकत मी स्वतः पाहिलेली नाही, पण सांगणाऱ्या बायका इतक्या आहेत की न पाहिल्यासारखी वाटतही नाही.

वस्तू हा शब्द त्या वापरत नसत. चमचा असो की फ्रीज, तो जिन्नस. घरात आलेल्या प्रत्येक जिनसाला झोपायला स्वतःची जागा पाहिजे, ती नसेल तर त्यानं उंबरठा ओलांडायचा नाही, हा त्यांचा कायदा. माणसांना त्या एवढ्या कडक नव्हत्या. माणसं कशीही आली तरी चहा मिळायचा.

आम्ही त्यांचे भाडेकरू, वरच्या मजल्यावरचे. खोल्या बघायला गेलो तेव्हा त्यांनी गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, नवरा काय करतो तेही नाही. पहिला प्रश्न, "दिवाण आहे का?"

"आहे," नवरा म्हणाला.

"लांबी?"

माझा नवरा वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझर. मोजमापात आपल्याला कोण हरवणार, अशा थाटात त्यानं दोन्ही हात पसरून लांबी दाखवली. बाईंनी त्याला तसंच उभं ठेवलं, गळ्यातली टेप काढली आणि एका पंजापासून दुसऱ्या पंजापर्यंत मापून घेतलं. मग म्हणाल्या, "एवढा दिवाण कुणी करत नाही. घरी जा, नीट मोजा, मग या." आम्ही खरंच गेलो, मोजला आणि परत आलो. दिवाण दारातून जातो हे पक्कं झाल्यावरच किल्ली मिळाली.

त्यांचं स्वतःचं घर खालच्या मजल्यावर. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, बाई एक तर फार गरीब आहेत किंवा सामान अजून यायचंय. समोरच्या खोलीत एक सतरंजी, दोन लोड आणि भिंत. मग हळूहळू कळत गेलं. लोडात कापूस नव्हताच, पाहुण्यांच्या गोधड्या घट्ट गुंडाळून वर खोळ शिवलेली. दाराच्या मागं, जिथं आपण कॅलेंडर टांगतो, तिथं पातळ कापडाचे कप्पे आणि त्यात लाटणं, पोळपाट, खिसणी, सगळं आपापल्या मापाच्या खिशात उभं. पाटाखाली पाट, डब्यात डबा. आपल्या शहरात नळाला पाणी आठवड्यानं येतं, त्यामुळं घरोघरी निळे ड्रम माणसांपेक्षा जास्त जागा अडवून बसलेले असतात. बाईंचे ड्रम ओळीनं लावून वर जाड फळी टाकलेली होती आणि त्या फळीवर त्यांचं शिवणाचं मशीन चालायचं. "पाणी तर पाणी, आणि टेबल तर टेबल," असं त्या म्हणायच्या, आणि पाणी आलं की मशीन उचलून ड्रम भरायला मला हाक मारून खाली बोलवायच्या.

घर म्हणजे कापड, असं त्यांचं म्हणणं. ते वाढत नाही. दुकानदारानं एवढंच दिलंय, त्यात ब्लाऊज बसवायचा. आधी कागद कापून मोठे भाग बेतायचे, पाठ आणि पुढा. मग बाह्या उरलेल्या कोपऱ्यात तिरप्या बसतात का बघायचं. आणि तरी कमी पडलं तर काखेत जोड द्यायचा, जिथं कुणाला दिसत नाही. "घर लहान आहे म्हणून रडणाऱ्या बाया बघ," त्या मला म्हणायच्या, "त्या कापड बघतात, कागद बेतत नाहीत."

आणि गुलमंडीतली ती भांड्यांच्या दुकानातली गंमत तर मी डोळ्यांनी पाहिली. बाईंना एक डबा घ्यायचा होता. त्यासाठी त्या घरून पिशवीत दोन डबे घेऊन आल्या होत्या, एक लहान आणि एक मोठा. नवा डबा मोठ्यात जायला हवा आणि लहान डबा नव्यात जायला हवा, एवढी साधी अट. दुकानदारानं सगळी मांडणी उतरवली. शेवटी एक बसला, पण झाकण लावल्यावर कडी बाहेर येत होती. बाई म्हणाल्या, "नको." दुकानदार घाम पुसत म्हणाला, "बाई, कडी काढून देऊ का?" बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "काढा, पण कडी तुमच्याकडंच ठेवा." परत येताना रिक्षात त्या इतक्या खूश होत्या की एरवी रिक्षावाल्याशी कधी न बोलणाऱ्या बाई त्याला डब्याचा तळ दाखवत होत्या.

आमचं वरचं घर मात्र त्यांच्या डोळ्यात सलायचं. समोर एक खोली, मागं स्वयंपाकघर, आणि मधे एक अरुंद कोठीची खोली. त्या मधल्या खोलीत आम्ही जे जमवलं होतं ते सांगायला लाज वाटते, पण लाजेलाही आमच्याकडं जागा नव्हती. टीव्हीचा खोका, फ्रीजचा खोका, मिक्सरचा खोका, आत थर्मोकोल तसंच, कारण नवरा म्हणायचा की गॅरंटीत लागेल. गॅरंटी संपून गेली होती, खोका होता. उन्हाळ्यानंतर बंद झालेला कूलर, त्याचं लोखंडी स्टँड. लग्नात आलेली पितळी आणि स्टीलची भांडी, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं, त्यामुळं टाकायचं तर नाहीच, वापरलं तरी घासून नाव पुसेल ही भीती. ज्या मावशीनं हंडा दिला ती आली तर पहिली नजर हंड्यावर. आणि या सगळ्यांच्या मागं, खिडकी झाकून टाकणारी, छताला टेकलेली ज्वारीची पोती.

ती ज्वारी आईची होती.

माझी आई गंगापूर तालुक्यात, आमच्या गावाकडं एकटी राहायची. वडील गेले, मी एकुलती एक. शेत चुलतभावाला बटईनं, अर्ध्या पिकाच्या वाट्यावर दिलेलं, आणि बटईच्या वाट्यातली ज्वारी ती दरवर्षी माझ्याकडं पाठवायची, जीपच्या टपावर टाकून. आम्ही दोघं माणसं, दोन्ही वेळा भाकरी खाल्ली तरी मागच्या सालची संपायच्या आत पुढची यायची. नको म्हणायची सोय नाही. एकदा म्हणाले तर आई म्हणाली, "मंग मी पेरू कुनासाठी?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

त्या पावसाळ्यात आई अंगणात घसरून पडली आणि मनगटाला प्लास्टर बसलं. मी तिला इथं घेऊन आले. ती राहिली, पण कशी राहिली? समोरच्या खोलीत रात्री अंथरूण पसरायचं, सकाळी उजाडायच्या आत स्वतःच गोळा करायचं, एका हातानं. तिची कापडी पिशवी खुंटीला लटकलेली. लुगडं काढायचं तर पिशवीतून, गोळी घ्यायची तर पिशवीतून, घातलेलं धुऊन वाळलं की पुन्हा पिशवीत. मी म्हणायचे, कपाटात ठेव. ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे, जायचंच हाय." प्लास्टर निघालं त्या दिवशी दवाखान्यातून घरी आलीसुद्धा नाही, नवऱ्याला पिशवी स्टँडवर आणायला सांगितली आणि गंगापूरची एसटी पकडली.

त्या मुक्कामात एक गोष्ट झाली होती, ती तेव्हा मला क्षुल्लक वाटली. बाई वर आल्या होत्या. भिंत मोजायचं काहीतरी निमित्त काढून त्यांनी आईच्या दुखऱ्या हातात टेपचं टोक दिलं. "जरा वर धरा हो. अजून वर जातं का? बास, दुखेल, तिथंच राहू द्या." आईला वाटलं आपण मदत करतोय. बाईंनी आकडा पाहिला, मनातल्या मनात दहा वजा केले आणि निघून गेल्या. मला वाटलं, झालं, आता आमच्या भिंतीचं काहीतरी पाडणार.

दिवाळीनंतर आईला चक्कर यायला लागली. रक्तदाब निघाला. शेजारच्या काकूनं फोन करून सांगितलं की एका दुपारी ती चुलीजवळ बसल्या जागी कलंडली होती. त्यानंतर मी रोज सकाळी फोन लावायचे आणि तिनं उचलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसायचा. ये म्हटलं तर तिची दोन उत्तरं ठरलेली. एक, "लेकीच्या घरचं किती दिस खावं मानसानं?" आणि दुसरं, "तुज्या घरात मी मावते कुठं? ज्वारीच मावंना." दुसरं तर खरंच होतं. तिच्यासाठी खोली होती, आणि त्या खोलीत तिनंच पाठवलेली ज्वारी राहत होती.

एक दिवस फोन ठेवून मी जिन्यात बसून रडले. बाई खालून वर येत होत्या. त्यांनी समजूत घातली नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. वरच्या पायरीवर बसून विचारलं, "इथं होती तेव्हा तिची पिशवी कुठं असायची?"

"खुंटीला."

"मग ती राहिलीच नव्हती. खुंटीला पिशवी म्हणजे पाहुणी. ज्याच्या अंथरुणाला घरात जागा नाही, त्याला जागा नाही." एवढं बोलून त्या उठल्या आणि आमच्या मधल्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. किती तरी वेळ नुसत्या बघत होत्या. शिवायच्या आधी कापडाचा पोत बघतात, तशा. मग म्हणाल्या, "रद्दी आहे का? सगळी आण."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात जे सुरू झालं त्याला नवरा आजही आक्रमण म्हणतो. बाईंनी वर्तमानपत्रं चिकटवून मोठमोठे कागद केले आणि कात्रीनं प्रत्येक जिनसाचा खराखुरा आकार कापला. हा कूलर, ही पोती, हा हंडा, हा दिवाण. मग समोरच्या खोलीतली सतरंजी गुंडाळून, जमिनीवर खडूनं मधल्या खोलीचा चौकोन आखला आणि त्यात कागद मांडत बसल्या. एक कागद त्यांनी सगळ्यात आधी मांडला आणि त्याला कुणाला हात लावू दिला नाही. तो आईच्या अंथरुणाचा होता. "ही पाठ," त्या म्हणाल्या. "पाठ आधी. बाकीचं पाठीच्या हिशेबानं."

पाठ ठेवल्यावर पोत्यांना जागाच उरत नव्हती. नवरा म्हणाला, ज्वारी विकून टाकू. मी म्हणाले, आईला कळलं तर ती मेल्यावरसुद्धा माझ्याशी बोलणार नाही. आमचं दोघांचं जुंपलं. बाई ऐकतही नव्हत्या. त्यांनी पोत्यांचे कागद उचलले आणि आईच्या अंथरुणाच्या कागदाखाली सरकवले.

आम्ही दोघं वाकून बघायला लागलो.

"खाली ज्वारी, वर आई," बाई म्हणाल्या. "पत्र्याची कोठी करायची, पलंगाच्या मापाची. वरून भरायची, पुढून तोंड ठेवायचं. वर फळ्या, फळ्यांवर गादी. कडुलिंबाचा पाला भरपूर टाक, किडा लागत नाही."

बाकीच्या जिनसांशी त्यांनी मग एकेक करून भांडण केलं. खोके रद्दीवाल्याकडं गेले, नवरा मागं लागला तर म्हणाल्या, "गॅरंटी तुमची आहे का खोक्याची?" मावशीचा हंडा पोकळ होता हे त्यांचं दुखणं. "पोटात काही नाही आणि एवढी जागा खातो!" त्यात त्यांनी दिवाळीचे आकाशकंदील, माळा, रांगोळीचे डबे भरले आणि हंडा न्हाणीघराच्या दारावरच्या माळ्यावर असा बसवला की मावशी आली तर नाव समोर दिसेल. गोधड्यांचे लोड झाले. कूलर राहिला. तो कुठंच बसेना, उभा नाही, आडवा नाही. बाई त्याच्या कागदाकडं दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माझ्या जिन्याखाली." मला खरं वाटेना. आपल्या जिन्याखालची ती जागा त्यांनी एकदा सख्ख्या भाच्याला स्कूटरसाठी नाकारली होती. "काखेतला जोड आहे," त्या म्हणाल्या. "कुणाला दिसत नाही."

पोती निघाली तशी त्यांच्यामागची खिडकी उघडी झाली. खिडकी आहे हे आम्हाला माहीत होतं, पण तिथून समोरच्या घराचं शेवग्याचं झाड दिसतं, सकाळचं ऊन थेट आत येतं, हे आम्ही विसरलोच होतो. नवऱ्यानं कडी काढायला जोर लावला आणि झडप उघडली तेव्हा आम्ही दोघं उन्हात डोळे मिचकावत उभे राहिलो. बाई मात्र ऊन कुठपर्यंत येतं ते मोजत होत्या.

राहिला आईचा प्रश्न. राहायला ये म्हटलं तर ती येणार नव्हती. बाईंनी माझ्या नवऱ्याला पढवून गावाला पाठवलं, "राहायचं नावच काढू नका. म्हणा, तुमच्या ज्वारीसाठी कोठी केलीय, बघायला चला." ज्वारीची नीट सोय झाली की नाही हे बघायला आई निघाली. संक्रांत तोंडावर होती. आणि ज्या दुपारी ती यायची, त्याच दुपारी कोठी बनवायला घेतलेले पत्रेवाले चाचा ती हातगाडीवरून घेऊन आले.

कोठी सुरेख झाली होती. लांबरुंद, कडा दुमडलेल्या, पुढून खाली दोन सरकती झाकणं. बाईंनी टेप लावून बघितली, समाधानानं मान डोलावली आणि चाचांच्या माणसांनी ती उचलून जिन्यात घातली. चार पायऱ्या चढली. मग जिना वळतो तिथं अडकली. उभी केली, आडवी केली, तिरपी केली. निघेना.

बाईंनी दार मोजलं होतं, खोली मोजली होती, पलंग, खिडकी, ऊन, सगळं मोजलं होतं. स्वतःच्या घराचा जिना, जो त्या रोज चढायच्या, त्याचं वळण मोजायचं राहिलं होतं. त्या खालच्या पायरीवर मटकन बसल्या आणि गळ्यातली टेप काढून मांडीवर ठेवली. टेप नसलेल्या बाई मी पहिल्यांदाच पाहिल्या, आणि मला फार वाईट वाटलं. माझी आई गंगापूरहून निघाली होती, वर खोलीत जमिनीवर ज्वारीची फोडलेली पोती पडली होती, झोपायला पुन्हा समोरच्या खोलीतलं अंथरूण आणि पुन्हा तीच खुंटी. मी म्हणाले, "बाई, राहू द्या."

त्यांनी वर बघितलं. "झगा पायातून चढत नसेल तर गळ्यातून घाला," त्या म्हणाल्या आणि उठल्या. "गॅलरीतून चढवायची."

मग आमच्या गल्लीत जे झालं ते लग्नाच्या वरातीतही झालं नसेल. कुठून तरी दोरखंड आला. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी पदर खोचून बाहेर आल्या, त्यांचे नवरे आले, चाचांची माणसं वर गॅलरीत चढली. बाई गल्लीच्या मधोमध उभ्या राहून दोन्ही बाजूची वाहतूक अडवत होत्या. एक रिक्षावाला हॉर्न वाजवत म्हणाला, "बाई, रस्ता कायकू बंद किए? सवारी है मेरे पास."

"सवारी को बोलो बैठे," बाई म्हणाल्या. "पलंग चढ रहा है."

रिक्षावाल्यानं वर बघितलं, रिक्षा बंद केली आणि उतरून दोराला हात लावला. मागच्या सीटवर माझा नवरा होता आणि त्याच्या शेजारी, पिशवी मांडीवर घेऊन, माझी आई.

आई उतरली. कोठी जमिनीपासून हातभर उचललेली, डोलत होती. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "काय चढवायलेत गं?"

"तुमची ज्वारीची कोठी," मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या.

"आन अशी बांधत्यात व्हय? एका अंगाला कललीय की. खाली उतरवा आधी." आईनं पिशवी माझ्या हातात दिली, कोठीपाशी गेली आणि दोर सोडून दोन्ही बाजूंनी खालून काढून, वर कडब्याच्या पेंढ्या बांधतात तशी गाठ मारली. "आता वडा. सावकाश. वरच्यांनी घाई करू नगा."

कोठी सरळ वर गेली. गॅलरीच्या कठड्यावरून आत घेतली तेव्हा गल्लीनं टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्यांत रिक्षातून उतरलेली माझी आईसुद्धा होती. बाईंनी टेप पुन्हा गळ्यात घातली.

दिवस कलायच्या आत सगळं लागलं. ज्वारी कोठीत गेली, फळ्या बसल्या, गादी आली, बाईंनी स्वतः शिवलेली चादर वर अंथरली. आई खिडकीशी उभी राहून शेवग्याचं झाड बघत होती. भिंतीत एक लाकडी फळी होती, नवी. आईनं सहज हात वर केला आणि दुखऱ्या मनगटाला जरासाही ताण न येता तिचा हात फळीवर टेकला. त्याच क्षणी माझ्या डोक्यात टेपचं ते टोक, ते "अजून वर जातं का?" सगळं आलं आणि मला बाईंकडं बघवेना. त्या काही झालंच नाही अशा चादरीची सुरकुती काढत होत्या.

"कोठी झाक झाली," आई म्हणाली. "ज्वारीची चिंता मिटली. उद्याच्याला मी निघते."

"कुठं?" बाईंनी विचारलं.

"घरी. लेकीच्या घरचं खात किती ऱ्हावं?"

बाई वाकल्या आणि कोठीचं पुढचं झाकण सरकवलं. "हात धरा." आईनं ओंजळ धरली आणि ज्वारी खळखळ तिच्या हातात आली. तिनं एक दाणा दाताखाली फोडला. "माझ्याच वावरातली हाय ही."

"मग? भाकरी तुमच्या ज्वारीची, झोपणार तुमच्या ज्वारीवर. लेकीचं यात काय आहे?"

"आसरा तर तिचाच नव्हं?"

"तिचा कुठला?" बाई म्हणाल्या. "छप्पर माझं आहे. ती भाडेकरू आहे."

आईनं ओंजळ बाईंच्या हातात रिकामी केली. मग हसायला लागली. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, वडील होते तेव्हा हसायची तशी. मी किती वर्षांनी ते हसणं ऐकत होते ते मला सांगता येणार नाही. मला एवढा आनंद झाला की मी उगाचच चहा टाकायला आत गेले आणि साखरेऐवजी पातेल्याचं झाकण शोधत बसले.

परत आले तर आई पिशवी हातात घेऊन भिंती न्याहाळत होती. एक भिंत, दुसरी भिंत, दाराच्या मागं. "खुंटी कुठं हाय इथं?"

"या खोलीत खुंटी नाही," बाई म्हणाल्या.

"मंग पिशवी कुठं लावू?"

"ते तुम्ही बघा."

आईनं पुन्हा एकदा दाराच्या मागं बघितलं. मग पलंगावर बसली, खाली ज्वारी किंचित सरकल्याचा आवाज आला. तिनं पिशवीची गाठ सोडली. दोन लुगडी काढली, फळीवर ठेवली. गोळ्यांची डबी, चष्मा, मिसरीची पुडी, फणी. वडिलांचा चौकटीतला लहान फोटो काढून पदरानं पुसला आणि खिडकीकडच्या टोकाला उभा केला. प्रत्येक जिन्नस ठेवताना ती बाईंकडं बघत होती आणि बाई दर वेळी, पेपर तपासावा तशी, मान हलवत होत्या. शेवटी पिशवी रिकामी झाली. आईनं ती झटकली, तिची चौकोनी घडी घातली, आणि घडी हातात धरून बसली.

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्या काय विचारणार हे मला ठाऊक होतं. पण त्यांनी विचारायच्या आधीच आईनं हात पुढं करून ती पिशवी मला दिली.

"ही भाजीला घे," ती म्हणाली. "उद्या येताना मेथी आन."